पन्नास वाव

एखादी वस्तू शेजाऱ्यालाही मिळाली, म्हणून आपल्या घरातल्या तशाच वस्तूची किंमत कमी होते काय? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. शाळेतल्या पोराने नवी पेन्सिल कंपासपेटीत लपवावी, त्यातला. पण गेल्या काही वर्षांत याच प्रश्नावरून जगभरातली शहाणीसुरती, मिळवती माणसे एकमेकांवर उखडली आहेत. आणि निमित्त काय, तर मनगटावरचे घड्याळ. तेही साधेसुधे नव्हे, समुद्रात खोल उतरणाऱ्या पाणबुड्याने बांधायचे. आमच्या बेळगाव-निपाणी भागातून समुद्र पाहायचा तर चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरावा लागतो. तेव्हा या भांडणाशी आपला काय संबंध, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो घड्याळापुरता नाही, असे मला वाटते.

आधी वस्तू समजून घेऊ. पाणबुड्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात हवा मोजकी असते. पाण्याखाली किती वेळ गेला याचा अंदाज चुकला, तर गाठ जिवाशी. १९५०च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या पथकाला अंधारात वाचता येईल आणि पाण्यात टिकेल असे घड्याळ हवे होते. स्वित्झर्लंडमधल्या ब्लांपँ कंपनीने ते १९५३ मध्ये तयार केले. कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः हौसेने समुद्रात उतरणारे होते. घड्याळाचे नाव ठेवले ‘फिफ्टी फॅदम्स’. फॅदम म्हणजे आपला वाव. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे, सुमारे सहा फुटांचे अंतर. कोकणातला नाखवा पाणी वावांनी मोजतो, घाटावरचा शेतकरी विहीर परसांनी मोजतो. माप शेवटी माणसाच्या देहाचेच. पन्नास वाव म्हणजे तीनशे फूट, सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे ‘सबमरिनर’ही १९५३ चेच.

या घड्याळांच्या तबकडीभोवती एक फिरते कडे असते. पाण्यात उडी घेताना त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग किती मिनिटे गेली ते एका नजरेत कळते. आजच्या अशा घड्याळांत हे कडे एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागून ते सरकले, तर गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. माणूस दोन मिनिटे आधी वर येईल, पण उशिरा येणार नाही. चूक व्हायचीच असेल तर ती जिवाच्या बाजूने व्हावी, अशी ही योजना आहे. कारागिराची बुद्धी आणि माणुसकी एकाच कड्यात कशी मावते, ते इथे दिसते.

पुढे १९८०च्या दशकात पाणबुड्यांसाठी मनगटी संगणक निघाले आणि या घड्याळाचे मूळ काम जवळजवळ संपले. काम संपले, पण मान वाढला. किमती लाखांत गेल्या. आता नवे घड्याळ बाजारात आले की शौकिनांत दोन तट पडतात. २०२० मध्ये सबमरिनर चाळीस मिलिमीटरचे एक्केचाळीस झाले, तर एका मिलिमीटरवरून केवढा काथ्याकूट! २०२२ मध्ये रोलेक्सने ११,००० मीटर खोलीचा दाब सोसणारे घड्याळ काढले. पृथ्वीवर याहून फारसे खोल पाणीच नाही. कोणी म्हणाले, पराक्रम. कोणी म्हणाले, पन्नास मिलिमीटरचा हा गडगा मनगटावर बांधायचा की परड्यात?

पण खरा भडका उडाला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. ब्लांपँची मालकी ज्या समूहाकडे आहे, त्याच समूहाच्या स्वॉच कंपनीने फिफ्टी फॅदम्सचे एक स्वस्त भावंड विकायला काढले. पाच महासागरांच्या नावांनी पाच रंग, त्यांत आपला हिंदी महासागरही. किंमत चारशे डॉलर. मूळ घड्याळाला दहा लाख रुपयांच्या वर मोजावे लागतात. दुकानांपुढे रांगा लागल्या. एक तट हरखला: आमच्यासारख्यांनाही हे नाव मनगटावर मिरवता आले! दुसरा तट संतापला: नावाची माती केली!

त्या वर्षीच्या दिवाळीत हे दोन्ही तट माझ्याच घरी फराळाला बसले. माझा भाचा पंधरा वर्षे आखातात आहे. काटकसर करून त्याने मूळचे घड्याळ, तेही वापरलेले, विकत घेतले होते. पुतण्या बेळगावला उद्यमबागेत मशीनवर काम करतो. त्याने मित्राकरवी परदेशातून ते चारशे डॉलरचे मागवले. भाऊबिजेला दोन मनगटे समोरासमोर आली आणि भाच्याचा चेहरा उतरला.

“मामा, आता हे घालून कुठं जायचं? लोक विचारणार, हे ते स्वस्तातलं काय?”

पुतण्या तडकला. “काका, माझ्या हातात आलं म्हणून ह्याच्या हातातलं गेलं काय? बघा की तुम्हीच!”

चकल्यांचे ताट घेऊन आलेल्या वहिनीने दोघांकडे पाहिले आणि विचारले, “पोरांनो, तुमच्यात पोहायला कुणाला येतंय?”

हशा झाला, पण त्या दिवशी हे दोघे आते-मामे भाऊ एकमेकांशी मोकळेपणी बोलले नाहीत. लहानपणी वेदगंगेच्या डोहात एकत्र डुंबलेली ही मुले. वस्तूवरून नात्यात असा खडा पडावा, हे मला खुपले. म्हणून तिघांचेही म्हणणे मी नीट तपासून पाहिले.

वहिनीचे आधी. ज्याला पोहता येत नाही, त्याने पाणबुड्याचे घड्याळ बांधणे म्हणजे ढोंग, असा तिचा रोख. मला तो पूर्ण पटत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत या भागात फेवर ल्यूबाची घड्याळे मानाची होती. त्यांची नावे ‘सी किंग’, ‘सी चीफ’. तंबाखूच्या वखारीत वजन करणारा माणूस ‘समुद्राचा राजा’ मनगटावर बांधून हिंडे, आणि त्यात कोणाला ढोंग दिसले नाही. वस्तूची ताकद रोज वापरली नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. बेळगावच्या मराठा रेजिमेंट केंद्रातून तयार झालेला प्रत्येक जवान लढाई पाहतोच असे नाही. तरी त्याची तयारी खरीच असते. ढोंग सुरू होते ते खोली मिरवायला लागल्यावर. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण घड्याळालाही लागू पडते.

आता भाचा. त्याच्या दुःखात दोन वेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय न्याय होणार नाही. पहिली तक्रार कारागिरीची. स्वस्त घड्याळातले यंत्र ५१ भागांचे, यंत्रांनीच जोडलेले आणि बंदिस्त आहे; उघडून दुरुस्त करावे अशी त्याची रचनाच नाही. मूळचे घड्याळ मात्र जाणकार कारागीर उघडतो, पुसतो, तेल देतो आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवतो. बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. जे दुरुस्त होत नाही, त्याला पिढ्यांच्या विश्वासाचे नाव द्यावे काय, ही शंका रास्त आहे. तिच्यात मत्सर नाही. उद्यमबागेतला माझा पुतण्या रोज मायक्रॉनचा हिशेब करतो. त्यानेही ती मान्य केली.

दुसरी तक्रार निराळी: आता हे कोणाकडेही दिसेल! इथे मात्र घड्याळ बाजूला राहते. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अशा वस्तूंविषयी लिहिले, ज्यांचे मोल इतरांकडे त्या नाहीत यावरच अवलंबून असते. पुढच्या माणसाने टाचा उंचावल्या की मागच्यानेही उंचवायच्या. शेवटी सगळ्यांचे पाय दुखतात आणि दिसते तेवढेच. सौंदत्तीच्या जत्रेत उभे राहिलेल्याला हे पुस्तक न वाचताही कळेल.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला उभा राहिला. त्यांचे एक घड्याळ होते ‘जनता’. नावाप्रमाणेच ते शिक्षकाच्या, कंडक्टरच्या, तलाठ्याच्या मनगटावर असे. सगळ्यांकडे होते, तोवर त्याचे कौतुक नव्हते. पुढे सेलवरची घड्याळे आली आणि ‘जनता’ कपाटाच्या तळाशी गेले. मग एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, आणि त्या सुमारास तेच घड्याळ शौकीन लोक शोधशोधून घेऊ लागले. चाके तीच, स्प्रिंग तीच, किल्लीची कुरकुरही तीच. बदलले एवढेच की आता ते दुसऱ्याला सहज मिळत नव्हते. मग आपण इतकी वर्षे किंमत कशाची करत होतो? घड्याळाची, की नसणाऱ्यांची?

पुतण्याच्या आनंदालाही हीच कसोटी लावायला हवी. त्याला घड्याळ आवडले, की त्यावरचे नाव? उद्या तेच नाव बसस्टँडबाहेरच्या गाड्यावर दोनशे रुपयांत मिळू लागले, तर त्याचाही चेहरा उतरेल काय? उतरला, तर त्यानेही घड्याळ घेतले नव्हते. दुसऱ्यांपासूनचे चार पावलांचे अंतर तेवढे विकत घेतले होते. भाच्याचे अंतर दहा लाखांचे, याचे चारशे डॉलरचे. जात एकच.

आपल्या परंपरेत या दुखण्यावर एक औषध सांगितले आहे. बौद्ध विचारात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार वृत्ती येतात. त्यांतली मुदिता ही सुखी माणसाविषयी. त्याचे सुख पाहून आपण प्रसन्न व्हावे. मला ही चारांत सर्वांत अवघड वाटते. दुःखी माणसाची कीव करणे सोपे असते, कारण तेव्हा आपण वरच्या पायरीवर असतो. आपल्या पायरीवर दुसरा चढून आला, की त्याला जागा करून देताना खरी परीक्षा होते. मात्र हा उपदेश कोणाला करायचा, याचे भान हवे. निपाणीत हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या बाईला, दहा लाखांचे घड्याळ पाहून प्रसन्न हो, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. मुदितेचे पहिले ओझे ज्याच्याकडे आहे त्याने उचलायचे असते.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट दुसऱ्या वाटेनेही कळायला हवी. कानडी घरातली शेजारीण माझ्याशी मराठीत बोलू लागली, तर माझी मराठी उणी होत नाही; माझा नातू फाडफाड कन्नड बोलतो, म्हणून तिच्या कन्नडमधले काही कमी होत नाही. काही धने वाटल्याने वाढतात, काही घटतात. वाटल्याने घटणाऱ्या गोष्टीवर आपला अभिमान उभारू नये, एवढे तरी या मातीत वाढलेल्या माणसाने शिकावे. भाषेचा अभिमानही “तुला येत नाही” यावर उभा राहिला, की त्या भाच्याच्या घड्याळासारखाच तो दुसऱ्याच्या मनगटाकडे पाहून कोमेजतो.

आणि घड्याळ हा शब्द तरी कोणा एकाचा कुठे आहे? आपले घड्याळ आणि कन्नडमधला गडियार, दोघांचेही मूळ घटिकेत. जुन्या काळी लग्नघरी पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडत. ती हळूहळू भरून तळाशी गेली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. विचार केला तर पाण्यात बुडी मारून वेळ सांगणारे आपले पहिले घड्याळ हेच. एवढ्या मांडवात ते एकच असे. त्यावर डोळा ठेवून एक जाणता माणूस बसे आणि त्याने सांगितलेली वेळ वराची, वधूची, आचाऱ्याची, वाजंत्र्याची, साऱ्यांची असे. वाटी कोणाची, असे कोणी विचारत नसे. मुहूर्त टळू नये, एवढीच सगळ्यांची काळजी.

भाच्याने आपले घड्याळ जरूर बांधावे आणि त्याची निगा राखावी. पुतण्यानेही आपले बांधावे. पण दुसऱ्याच्या आनंदाचे माप घ्यायची वेळ आली, तर त्या फिरत्या कड्याची योजना दोघांनी आठवावी. चूक झालीच, तर ती माणसाच्या बाजूने व्हावी.