शीण आणि भाव

संतसज्जनहो, दिवेघाट चढून आलेल्या वारकऱ्याला शीण येतो. सासवडच्या मुक्कामी जेवण व झोप मिळाली की तो उतरतो. पण घरी बसूनही जो उतरत नाही, उठतानाच अंग मोडलेले, कीर्तनात डोळा लागतो, त्याचे काय? पुष्कळ माउल्या म्हणतात, "भाव कमी पडला, दुसरे काय!" आम्ही म्हणतो, बाई, असे मनाला लावून घेऊ नका.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनीच सांगितले, की अति खाणाऱ्याला योग नाही, तसा अगदी उपाशी राहणाऱ्यालाही नाही, झोपेचेही तेच. आणि आपल्या घरी काय चालते? बायका सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणार, वर चहा! रक्त कमी होते ते असे. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळले तर ते लागते. माळकऱ्याला मांसमासा वर्ज्य, म्हणून ब-१२ जीवनसत्त्व दूधदह्यातून मिळवावे. ते कमी पडले तर थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. मधुमेह, थायरॉईड, मनाची उदासी हीही कारणे असतात. म्हणून दोनतीन आठवड्यांत शीण उतरला नाही, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. छातीत दुखले, धाप लागली, तर त्याच दिवशी जावे.

औषध घेणे म्हणजे विठोबावर अविश्वास नव्हे. ज्या पायांनी पंढरीची वाट चालायची, त्यांची हेळसांड करून कोणती सेवा घडणार? रामकृष्ण हरी.