सवडीचा धनी कोण?

रिकाम्या माणसाची जेवढी टवाळी आपल्या भाषेने केली आहे, तेवढी चोराचीही केली नसेल. रिकामटेकडा, उनाड, उडाणटप्पू, टिवल्याबावल्या करणारा! शब्दांची ही रास पाहिली की वाटते, आपल्या वाडवडिलांना रिकामपणाचे मोठे भय असावे. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण तर प्रत्येक मुलाने निदान एकदा ऐकून घेतलेली असते. मला मात्र या म्हणीतला न्हावी पहिल्यापासून आवडत आला आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून तो झोपला नाही, की कोणाच्या कुटाळक्या करीत बसला नाही. हातातली कला भिंतीवर करून पाहू लागला. त्यातून निघाले काहीच नाही हे खरे. पण त्या घटकेला तुंबडी कुठे लाव हे त्याला कोणी सांगत नव्हते, आणि लावल्याबद्दल कोणी पैसाही देणार नव्हते. त्या घटकेचा धनी तो स्वतः होता. विद्यार्थ्याच्या फुरसतीविषयी मला जे म्हणावयाचे आहे, त्याचे बीज एवढ्यातच आहे.

मुलांना खेळू द्यावे की नाही, असा वाद आता कोणी घालीत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेला कोणताही पाहुणा 'अभ्यासाबरोबर खेळही हवा' हे वाक्य उच्चारल्यावाचून हार गळ्यातून काढीत नाही. कारण विचारले तर तोही तयार असतो. खेळाने शरीर सुदृढ होते, मन ताजे होते, आणि ताज्या मनाने केलेला अभ्यास अधिक लक्षात राहतो. हे सगळे खरेच आहे. परंतु या समर्थनात एक मेख आहे. खेळ अभ्यासासाठी चांगला, असे एकदा मान्य केले की खेळाच्या गळ्यात अभ्यासाचे दावे बांधले गेले. उद्या कोणी दाखवून दिले की तासभराच्या खेळाने जेवढे मन ताजे होते तेवढेच दहा मिनिटांच्या प्राणायामाने होते, तर उरलेली पन्नास मिनिटे कापून घेण्यास हरकत कोणती? बैलाला दुपारचा विसावा द्यावा, म्हणजे तो उन्हे कलल्यावर अधिक नांगरील, हा हिशेब शेतकऱ्याचा आहे, बैलाचा नव्हे. आणि मूल म्हणजे तर बैलही नव्हे.

शिकण्याला कुठेतरी थांबा असावा, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून निघाला त्याचा मूळ अर्थच 'फुरसत' असा आहे. ॲरिस्टॉटलच्या मते माणूस काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून, आणि ती नीट कशी घालवावी हेही शिकण्याजोगे आहे. आपल्याकडे वेदाध्ययनाला 'अनध्याय' होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात त्याची लांबच लांब यादी आहे. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी हे दिवस तर आहेतच; पण धुळीचे वादळ उठले, कोल्हे ओरडू लागले, तरी पाठ बंद! आता ग्रीकांची फुरसत गुलामांच्या घामावर उभी होती, आणि स्मृतिकारांनी स्त्रीशूद्रांना अध्ययनच नाकारले होते. त्यांना अनध्याय कसला? शिवाय त्या यादीच्या मागे विद्यार्थ्याविषयीची कणव नसून पावित्र्याचा धाक होता. त्यामुळे या वारशाचा फार अभिमान धरण्याचे कारण नाही. तरीही, अध्ययन कितीही पवित्र असले तरी ते अखंड चालवायचे नसते, एवढे त्यांनी मानले होते, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

सर्वसामान्य माणसाच्या विसाव्यासाठी खरा लढा दिला तो पंडितांनी नव्हे, कामगारांनी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. 'रविवारी विसावा मिळाला तर सोमवारी माग जोरात चालतील' एवढेच त्या मागणीमागे असते, तर तो मालकाचा हिशेब झाला असता. सात दिवसांतला एक दिवस मजुराचा स्वतःचा असला पाहिजे. त्या दिवशी त्याने देवाला जावे, सभेला जावे, नाहीतर पोरांना खांद्यावर घेऊन समुद्र दाखवावा. गिरणीने विचारू नये. माझ्या मते त्या मागणीचे खरे बळ यात आहे.

आता १३४ वर्षांनंतरची गोष्ट पाहा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला खाजगी शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये; दिवसाकाठी ५ तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत; आठवड्याची सुटी द्यावी; आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये. हे शेवटचे कलम वाचून मी थबकलो. ज्याने ते लिहिले त्याला दुनियेची चांगली पारख असली पाहिजे. सुटी एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने कशी काढून घेतात, हे त्याला कळत होते. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये राजस्थानातल्या कोटा शहरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा दोन महिने चाचण्या बंद ठेवा, असे जिल्हा प्रशासनाला सांगावे लागले. गिरणीच्या मजुराने जे १८९० साली मिळवले, ते सोळासतरा वर्षांच्या मुलांना मिळावे म्हणून सरकारला कागद काढावा लागतो. मजुरापाशी निदान संघटना होती. या मुलांचा मालक कोण आणि दाद कोणाकडे मागायची, हेच त्यांना उमगत नाही. कारण त्यांचा वेळ घेणारी माणसे त्यांच्यावर जीव टाकणारीच असतात.

आणि खरा प्रश्न इथेच आहे. आईबाप म्हणतात, 'हे सारे त्याच्याच भल्यासाठी.' त्यात खोटे काही नसते. कर्ज काढून, दागिने मोडून ते फी भरतात. पण मुलाच्या उद्यासाठी त्याचा आज घेण्याचा अधिकार आपल्याला किती? थोडा आहे, हे मी मान्य करतो. पाढे पाठ करताना कोणते मूल आनंदाने नाचते? उद्याची तजवीज आज काही प्रमाणात करावीच लागते. परंतु आज पूर्णच काढून घेतला, तर तो सौदा राहत नाही. दहा वर्षांच्या मुलाची दहा वर्षे ही पुढल्या आयुष्याची प्रस्तावना नसते. तेही आयुष्यच असते. दुर्दैवाने ते तिथेच संपले, तर 'त्याचे खरे जगणे अजून सुरू व्हायचे होते' असे त्याची आई म्हणेल काय?

यावर एक रास्त आक्षेप येईल. तो माझ्याच वर्गातल्या मागच्या बाकांवरून येईल. 'गुरुजी, फुरसतीच्या गोष्टी पोट भरलेल्यांनी कराव्यात. आमचा बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, आम्हाला शिक्षणाची एवढी एकच शिडी.' हे बरोबर आहे. पण त्या मुलाची सवड अभ्यासाने नव्हे, दारिद्र्याने आधीच नेलेली असते. त्याने गुरे राखायची, धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचे, आणि उरलेल्यात शिकायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. मुलांची गाणी, गोष्टी, अंगणातले खेळ हे त्या बायांच्या लेखी अभ्यासाला लावलेले तोंडीलावणे नव्हते. जे श्रीमंताच्या मुलाला आपोआप मिळते, ते गरिबाच्या मुलाला हक्काने मिळाले पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमात विसावा, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणूनच सांगितला आहे. भारताने तो करार १९९२ साली मान्य केला. हक्क म्हटला की तो शिडीच्या शेवटच्या पायरीवरचे बक्षीस होऊ शकत नाही.

मुलींची गोष्ट तर आणखी निराळी. संध्याकाळी दप्तर टाकून भाऊ मैदानावर पळतो. बहीण दप्तर टाकते आणि केरसुणी उचलते. ती क्षणभर दारात उभी राहिली, तरी 'रिकामी काय उभी राहिलीस?' असा प्रश्न येतो. आपल्या बायकांनी यातून एक वाट काढली होती. श्रावणात मंगळागौर, नागपंचमीचे झोके, आश्विनात भोंडला. झिम्मा-फुगडी व्रताच्या पदराखाली आली, म्हणून सासरच्या घरात चालली. नुसते 'आज मला खेळावेसे वाटते' म्हणणाऱ्या सुनेला कोणी खेळू दिले नसते. आज आपण मुलांवर तीच वेळ आणली आहे. 'व्यक्तिमत्त्व विकास', 'स्पर्धेची तयारी', 'ग्रेस गुण' अशी एखादी चिठ्ठी चिकटवल्यावाचून खेळ घरात येऊ शकत नाही.

'पण फुरसत दिली तर पोरे मोबाइल घेऊन बसतात,' हे पालकांचे शेवटचे अस्त्र. बसतात, हे मीही रोज पाहतो. पण थोडा विचार करा. शिकवणीत पुढे काय हे शिकवणारा ठरवतो. मोबाइलवर पुढचे चित्र कोणते हे मोबाइल ठरवतो. दोहोंकडे मुलाने काही ठरवायचे नसते. तेव्हा ही फुरसत नव्हेच. एक धनी जाऊन दुसरा आला इतकेच. ज्या मुलाला स्वतःचा वेळ कधी मिळालाच नाही, त्याला तो एकाएकी हाती दिला तर तो भांबावतो, आणि मिळेल त्याच्या स्वाधीन करून मोकळा होतो. फुरसतीच्या दारात पहिल्याने कंटाळा बसलेला असतो. त्याला ओलांडले की मग चिंचोके सापडतात, पाण्यावर भाकऱ्या टाकाव्याशा वाटतात, मुंग्यांची रांग कुठवर जाते ते पाहावेसे वाटते. आपण मुलाला त्या कंटाळ्याशी दोन घटका एकटे सोडीत नाही. त्याची तक्रार आली की कोणी शिबिरात नाव घालतो, कोणी हातात मोबाइल देतो.

दिवाळीतला किल्ला घ्या. माती, विटांचे तुकडे, गोणपाट, वर पेरलेले हळीव, आणि सिंहासनावर महाराज. कुठे पायथ्याच्या मावळ्यापेक्षा वरचा बुरूज बुटका, कुठे तळ्यातले पाणी पाझरून पायवाट वाहून गेलेली. चार दिवस पोरे चिखलात कोपरापर्यंत बुडालेली असतात. कोणी गुण देत नाही, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ढासळतो. आता बाजारात तयार किल्ला मिळतो, आणि स्पर्धा असली तर बुरूज वडीलच बांधतात. किल्ला सुबक होतो यात शंका नाही. पण पूर्वी तो मुलांचा होता. मुंग्यांच्या रांगेमागे गेलेल्या हजार मुलांतून एखादा शास्त्रज्ञ निघेलही. पण उरलेल्यांचा वेळ फुकट गेला असे मी म्हणणार नाही. स्वतः ठरवून, स्वतः चुकून, कोणाला जाब न देता एखादी गोष्ट पुरी करणे त्यांनी तिथे अनुभवले. पुढे मोठेपणी स्वतःच्या बुद्धीने मत देणारा, वरिष्ठाला प्रसंगी 'नाही' म्हणणारा माणूस आपल्याला हवा असतो. तो निव्वळ आज्ञा पाळण्याच्या तासांतून कसा निघावा?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुटी लागलेली असेल. सुटीतल्या अभ्यासाच्या वह्याही दिल्या गेल्या असतील. त्या पुऱ्या होऊ द्याव्यात, माझी तक्रार नाही. फक्त त्यांतले दोन दिवस असे असावेत, की ज्यांच्या संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला 'आज काय केलेस?' असे घरात कोणी विचारणार नाही. सांगावेसे वाटले तर ती आपण होऊन सांगतील. नाही सांगितले, तरी तो दिवस त्यांचाच होता.