तळातील पाण्याची आवक-जावक

दिघोरीच्या परिसरातील एखाद्या तलावात धीवर आपला लाकडी डोंगा लोटतो, तेव्हा जाळ्याला हात लावण्याअगोदर तो रात्रभर तळाशी झिरपलेले पाणी डब्याने उपसून टाकतो. आणि ज्या भंडारा जिल्ह्यात पाणी अडविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तलावांच्या पाळी बांधल्या गेल्या, तेथे धानाच्या बांधीतले धन डोंग्यात शिरताच वैरी ठरते, याचे मला नवल वाटते.

समुद्रावर या डब्याचेच पुढे यंत्र झाले. प्रथम पोकळ लाकडी नळी व चामड्याची झडप यांचा पंप, आणि मोठ्या युद्धनौकांवर चकत्या ओवलेल्या साखळीचा रहाट. पोर्तुगीजांचा ‘बोंबा’ आपल्याकडे ‘बंब’ होऊन आला. आज तो आग विझवितो आणि स्नानाचे पाणी तापवितो, जहाजाशी असलेले त्याचे नाते मात्र विसरला आहे. इतिहासाचेही तसेच. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली विजयदुर्गी आगीत भस्म झाले, हे तो सांगतो. परंतु त्या गुराबा व गलबते तोवर ज्या नित्याच्या उपशावर तरंगत राहिली, त्याच्याकडे तो सहसा वळत नाही.

वस्तुतः फळ्यांच्या सांध्यांत कितीही कापूस ठासला, तरी लाकडी जहाज थोडेफार गळतेच. म्हणून उपशाइतकेच मोजमापही महत्त्वाचे. जून १७७० मध्ये कॅप्टन कुकचे ‘एन्डेव्हर’ ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस प्रवाळखडकावर आदळले, तेव्हा तळातील पाणी मोजणारा इसम बदलला आणि पाणी एकाएकी १६ ते १८ इंचांनी वाढलेले दिसून सर्वांचे धैर्य खचले. मागाहून उलगडा झाला, की पहिला आतल्या अस्तराच्या फळीपासून मोजीत होता व दुसरा बाहेरच्या फळीपासून. पाणी होते तेवढेच होते. हे कळताच दमलेले हात दुप्पट जोमाने पंपांवर चालू लागले.

संस्थांचा कारभार सोपविताना किल्ल्या व दप्तर बिनचूक सुपूर्द होते. गळती कोठून मोजावयाची, एवढेच सांगावयाचे राहून जाते, आणि मग नवा कारभारी एक तर अकारण भयभीत होतो किंवा अकारण निश्चिंत राहतो. धीवर ही चूक करीत नाही. मुलाच्या हाती डबा देण्यापूर्वी तो डोंग्याच्या आतल्या अंगाला बोट टेकवून सांगतो, पाणी येथवर आले की उपसायचे.