तुळशीपर्यंतचं अंतर

माय ८२ वर्षांची. श्रावणातल्या एका पहाटे न्हाणीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आसोद्याहून जळगाव जवळच. सकाळीच एक्स-रे हाती आला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करा. धुळ्याहून मामा आले. "वय झालं, आता कशाला चिरफाड? प्रारब्धात असेल ते होईल." मी मान डोलावली. तीन दिवस असेच गेले.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. खुब्याच्या गोळ्याला बहुतेक रक्त हाडाच्या मानेवरून जातं. मान मोडून सरकली की हा रक्तपुरवठा तुटतो, मग नुसतं पडून राहून हाड जुळत नाही. आडव्या माणसाच्या छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, भ्रम होतो. या दुखण्यात वर्षभरात साधारण चार-पाच वृद्धांमागे एक दगावतो. ऑपरेशननंतरही धोका उरतो. पण वेदना कमी होते, माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसतो.

तिसऱ्या रात्री मी विचारलं, "माय, तुले काय वाटते?" तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चाललेली ती बाई शांतपणे म्हणाली, "मरनाले मी भेत नाही. पन मले माझ्या पायानं तुयशीपर्यंत जायाचं हाये."

हाड मोडलं हे प्रारब्ध असेल. पण आपल्या परंपरेनं प्रारब्धाच्या शेजारी क्रियमाणही, म्हणजे आत्ता आपल्या हातून घडणारं कर्मही, सांगितलं आहे, आणि ते तीन दिवस आमचं क्रियमाण होतं. खर्चाची धास्ती, शुश्रूषेची भीती आम्ही प्रारब्धाच्या नावावर घातली. मायनं स्वतः "नको" म्हटलं असतं, तर ते तिचं वैराग्य ठरलं असतं. तिची वेदना शमवत आम्ही शेवटपर्यंत उशाशी बसलो असतो. देह तिचा असताना त्याच्याविषयी विरक्त होण्याचा अधिकार मला नव्हता.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. पडून राहिल्यानं कमरेखाली झालेली जखम भरायला दोन महिने लागले. आता ती वॉकर घेऊन निघते. ओट्यापासून तुळस अठरा पावलं. मी मागे चालतो, आणि हात पुढे करण्याआधी तिला विचारतो.