माग, साक्ष आणि कर्तृत्व

अणुगर्भातून सुटलेला कण डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो त्याचा माग. सी. टी. आर. विल्सन यांनी १९११ मध्ये सिद्ध केलेल्या क्लाउड चेंबरमध्ये दमट हवा एकाएकी प्रसरण पावून थंड होते, विद्युत्भारित कणाच्या वाटेवरील आयनांभोवती सूक्ष्म थेंब धरतात आणि क्षणभर एक पांढरी रेघ उमटते. ती उमटते तेव्हा कण निघून गेलेला असतो. मागाला त्यामुळे वाचकाची गरज भासते.

आणि वाचन चुकू शकते. १९३२ मध्ये इरेन व फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी यांच्या छायाचित्रांत काही रेघा विपरीत दिशेने वळलेल्या होत्या. त्यांनी त्या उगमाकडे परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मानल्या. त्याच वर्षी कार्ल अँडरसन यांनी चेंबरमध्ये ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा बसवला. शिसे ओलांडताना कणाची ऊर्जा घटते व वक्रता वाढते. त्यावरून प्रवासाची दिशा निश्चित झाली आणि पॉझिट्रॉन सापडला. रेघा दोन्हीकडे होत्या. संशयाला वाव देणारी योजना एकाच ठिकाणी होती.

या वाचनात श्रमविभाग शिरला, की नैतिक प्रश्न उभा राहतो. ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल यांच्या गटात छायाचित्रणाच्या काचांवरील मिलिमीटरहूनही आखूड माग सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. भौतिकशास्त्राचे शिक्षण त्यांच्याकडून अपेक्षित नव्हते. १९४७ मध्ये पायॉनच्या क्षयाचा पहिला माग मारिएटा कुर्त्झ यांच्या नजरेस पडला. छायाचित्राखाली निरीक्षिकेचे नाव छापण्याची प्रथा या गटाने पाळली, हे त्याच्या औचित्यबुद्धीचे द्योतक आहे. तथापि निबंधाचे लेखक वेगळे होते, आणि १९५०चे नोबेल पारितोषिक एकट्या पॉवेल यांना मिळाले.

निरीक्षिका केवळ पाहते, अर्थ शास्त्रज्ञ लावतो, असा युक्तिवाद यावर संभवतो. त्यात तथ्यही आहे: सिद्धांताच्या चौकटीवाचून तो माग म्हणजे काळ्या कणिकांची एक ओळ होय. परंतु असंख्य कणिकांतून हीच ओळ थांबण्याजोगी आहे, हे ठरविणे हाही निर्णयच असतो. जे वगळले गेले ते पुढे कोणापर्यंतही पोहोचत नाही. पोथीचा पाठ निश्चित करणाऱ्याविना भाष्यकाराला आधार नसतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला निराळे सांगावे लागत नाही.

छायाचित्राखालील ते नाव साक्षीदाराचे होते, कर्त्याचे नव्हते. साक्षीची विश्वासार्हता जिच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, तिला ज्ञानाच्या कर्तृत्वात वाटा नाही, ही विसंगती कृतज्ञतेने मिटत नाही. अँडरसन यांचे यश या विसंगतीने उणे होत नाही, पॉवेल यांचेही नाही. मात्र ‘शोध’ या शब्दाचे एकवचन त्यामुळे संशयास्पद ठरते.