सुरू होत नाही म्हणजे काय?

सकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत कुणी ना कुणी किक मारत असतं. पहिल्या दोन-तीन किकांकडे कुणाचं लक्ष जात नाही. सातवी-आठवी ऐकू आली की खिडक्या उघडतात, दूध घेऊन परतणारे थांबतात आणि सल्ले सुरू होतात. प्लग काढून बघा. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल. चोक दिलाय का? चला, ढकलून बघू. यातला एकही सल्ला खोटा नसतो. ज्याच्या गाडीला एकदा जे लागू पडलं, तेच तो मनापासून सांगत असतो. फक्त गाडीवाल्याला कुणी विचारत नाही, की नक्की होतंय काय?

आमच्याकडे जुनी स्प्लेंडर आहे. 97 सीसीची, चार गिअरची, किकची. मुलगी इथल्या कॉलेजात होती तेव्हा सकाळच्या तासाला तीच न्यायची. एका पावसाळ्यात ती सलग तीन दिवस वर येऊन म्हणाली, "बाबा, गाडी सुरू होत नाही." आणि तिन्ही दिवस मी प्लग पाना घेऊन खाली गेलो.

प्लगपासून सुरुवात करणं तसं चुकीचं नाही. त्याआधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्याव्यात. पेट्रोलचा कॉक बंद तर नाही ना, गाडी रिझर्व्हला तर लागली नाही ना, प्लगची टोपी घट्ट बसली आहे ना, तिच्यात पावसाचं पाणी तर शिरलं नाही ना. पावसाळ्यात निम्म्या तक्रारी त्या टोपीतल्या दोन थेंबांपाशी संपतात. कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. तेवढ्याने भागलं नाही तर चार-पाच किका मारायच्या आणि लगेच प्लग काढून त्याचं टोक बघायचं. मला घरच्या दुरुस्तीतला हा क्षण फार आवडतो. टोक ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय. ठिणगी तरी पडत नाही, नाहीतर चोक जास्त झाला आहे. टोक कोरडं असेल तर ठिणगीला दोष देण्यात अर्थ नाही, पेट्रोल वाटेतच अडलंय. एका नजरेत अर्ध्या शंका गळून पडतात. कधी कधी अडचण टाकीच्या झाकणात असते. त्यातलं हवेचं बारीक छिद्र मातीने बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी थोडी चालते, मग मान टाकते. झाकण उघडून लावलं की पुन्हा चालते.

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा आणि किक मारायची. हे प्लगच्या उघड्या भोकापासून लांब करावं, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी बघावं. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, तिला ती ठिणगी पुरते. या जुन्या गाडीत ठिणगीची वीज मॅग्नेटोवर तयार होते. त्यामुळे हॉर्न मेला, इंडिकेटर मेला, तरी किकने ती सुरू होऊ शकते. बॅटरीला आधी शिव्या देऊ नयेत.

तर मी तिन्ही दिवस प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, परत लावला, किक मारली. गाडी सुरू झाली. पाच मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवली आणि मुलीच्या हातात दिली. ती गेली. मला वाटायचं, प्लग साफ केला म्हणून गाडी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी नवा प्लगही आणला. चौथ्या दिवशी मी गावाला गेलो होतो, म्हणून ती गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे घेऊन गेली. त्यांनी पान्याला हात लावला नाही. विचारलं, "ताई, सुरूच होत नाही, की सुरू होऊन बंद पडते?"

ती म्हणाली, "सुरू होते. पहिला टाकला की धक्का बसतो आणि बंद पडते."

म्हणजे इंजिनात काही बिघाड नव्हताच. मिस्त्रींनी क्लचचा दांडा बोटाने हलवला. त्याचं टोक जवळजवळ दीड इंच रिकामंच हलत होतं. या गाडीला ही मोकळीक दहा ते वीस मिलिमीटर असायला हवी. त्याहून जास्त असली तर दांडा पूर्ण दाबूनही आतल्या प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. त्या इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. रात्रभरच्या गारव्यात ऑइल घट्ट होतं, प्लेटा एकमेकींना धरून बसतात, आणि गिअर टाकला की इंजिनचा सगळा जोर थेट मागच्या चाकावर येतो. गाडी हिसका देते आणि बंद पडते. मी प्लग घासून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवत होतो, तेवढ्यात ऑइल गरम होऊन पातळ व्हायचं आणि प्लेटा सुटायच्या. काम ऑइल करत होतं, श्रेय मी प्लगला देत होतो. मुलीने मला तिन्ही दिवस "सुरू होत नाही" एवढंच सांगितलं होतं हे खरं, पण पुढचा प्रश्न विचारायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तिचे तीन तास बुडाले.

क्लच सुटतो की नाही हे इंजिन बंद ठेवूनही कळतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, क्लच पूर्ण दाबायचा आणि पुढे-मागे ढकलायची. चाक मोकळं फिरायला हवं. अडत असेल तर याच ढकलण्याने चिकटलेल्या प्लेटा बऱ्याचदा सुटतातही. मग दांड्यापाशी किंवा खाली इंजिनजवळ जो अ‍ॅडजस्टर असतो, तो थोडा थोडा फिरवायचा आणि दर वेळी मोकळीक बोटाने बघायची. तिथेच केबलचं टोकही निरखावं. तारेचे दोन-चार पदर तुटलेले दिसले तर केबल त्याच दिवशी बदलावी, रस्त्यात तुटायची वाट बघू नये.

उलट तक्रार यवतेश्वरच्या घाटात कळते. इंजिन ओरडतं, पण गाडी चढत नाही. याला आपण क्लच घसरतोय म्हणतो. एक तर प्लेटा झिजलेल्या असतात, नाहीतर मोकळीक उरलेलीच नसते. केबल कायम ताणलेली, प्लेटा अर्धवट सुटलेल्या, घासून जळत राहिलेल्या. माझ्या एका मित्राच्या गाडीचं कारण तिसरंच निघालं. त्याने घरात उरलेलं कारचं ऑइल तिच्यात ओतलं होतं. कारचा क्लच सहसा कोरडा, इंजिन ऑइलपासून वेगळा असतो; कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. तीच मोटरसायकलच्या प्लेटांची पकड घालवतात. म्हणून डब्यावर मोटरसायकलच्या ऑइलची 'जासो एमए' ही खूण बघूनच ऑइल घ्यावं.

नव्या गाड्यांत बरंच बदललं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकायची; ती आली नाही तर आधी बॅटरी बघायची, कारण इथे सहसा तिच्यावाचून काही चालत नाही. बऱ्याच गाड्यांच्या साइड स्टँडला आता स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद. बाहेरून बघणाऱ्याला क्लचच्या आणि स्टँडच्या बिघाडात काही फरक दिसत नाही.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते, तिच्याकडे अशीच एक नवी गाडी आहे. परवा सकाळी सातला तिचा फोन आला. मागे पाऊस वाजत होता.

"बाबा, गाडी सुरू होते, न्यूट्रलला टिकते. पहिला टाकला की बंद. स्टँड वर आहे, बघितलं. तरी मागे-पुढे करून स्विचही तपासला. क्लच दाबून ढकलली, तर चाक अडतंय."

"दांड्याला मोकळीक किती?"

"बोटभराहून जास्त. थांबा, फोन ठेवू नका, स्पीकरवर टाकते. हात तेलकट आहेत माझे."