दामाजीचं कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. बीदरच्या बादशहाच्या पदरचा हा अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली आणि यांनी सरकारी कोठारं उघडली. बादशहाचे शिपाई त्यांना धरून न्यायला आले, आणि तिकडे विठोबा विठू महाराच्या रूपात बीदरला जाऊन धान्याची किंमत भरून आला. लहानपणी कीर्तनात या प्रसंगाला आमच्या आळीतल्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी पुढे जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यापासून सोलापुरात मुलींच्या एका वसतिगृहाची खजिनदार आहे. म्हणून असेल, पण माझं लक्ष भलत्याच तपशिलावर अडकतं. देवाने पैसे भरले आणि पावती घेतली.

म्हणजे कोठारातलं धान्य बादशहाचं होतं, हे देवालाही मान्य होतं. भुकेल्यांना दिलं ते चांगलंच झालं. पण ज्याचं होतं त्याची भरपाई व्हायला हवी, आणि ती झाल्याचा कागद हवा. संतचरित्रात एवढी स्वच्छ नोंद सापडली की हिशेबाच्या माणसाला बरं वाटतं.

ही गोष्ट माझ्यासमोर गेल्या पावसाळ्यात नव्याने आली, आणि तीही माझ्याविरुद्ध. आमच्या संस्थेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी आहेत. तीसचाळीस मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक, परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराचा चहा, आणि कुणाला ताप आला तर मऊ भात, हे सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मावशींच्या दीड वर्षाच्या पगाराहून मोठा होता. त्या माझ्याकडे आल्या. "म्याडम, तुमच्याच हातात हाय की सगळं," म्हणाल्या.

हातात होतं खरं. म्हणजे सही होती. आमची संस्था साठच्या दशकात एका निपुत्रिक जोडप्याने स्वतःचं घर देऊन सुरू केली. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या गरीब मुलींची राहण्याजेवणाची सोय आणि त्यांची फी, एवढाच उद्देश घटनेत लिहिलेला आहे. पुढे इतरांनी दिलेल्या रकमा कायम निधीत गेल्या. त्यांची मुदत ठेव असते, व्याजातून फी भरली जाते. चालू खात्यात जेमतेम किराणा आणि वीजबिल भागेल एवढी शिल्लक. मोठी रक्कम म्हणावी अशी एकच, ती म्हणजे फी निधीचं व्याज, आणि ते जूनमध्ये मुलींना लागणार असतं.

सभेत हा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात आला. (अवघड विषय नेहमी ऐनवेळीच येतात. चहा झालेला असतो, दोघे घड्याळ बघत असतात.) आमच्यातले ज्येष्ठ, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी ठराव मांडला की व्याजातून मावशींना मदत द्यावी. अनुमोदन लगेच मिळालं. मी विरोध केला. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दामाजीपंत तुमच्यासारखे असते तर मंगळवेढं ओस पडलं असतं."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्यात खरा प्रश्न होता. दुसऱ्याच्या पैशाने दया करता येते का? धर्म ज्याला दान म्हणतो, करुणा म्हणतो, ते सगळं स्वतःच्या मालकीतून करायचं असतं. पण विश्वस्ताची मालकीच नसते. मग त्याच्या वाट्याला धर्म कोणता येतो?

तुकोबांचं उदाहरण आठवा. घरची सावकारी होती. दुष्काळाने घर बुडालं, पहिली बायको अन्नाविना गेली. त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं इंद्रायणीत बुडवली, असं संतचरित्रकार महिपतीने लिहिलं आहे. कीर्तनकार बुडवण्यापाशी थांबतात, टाळ वाजतात. मी त्याच्या आधीच्या ओळीपाशी थांबते. तुकोबांनी आधी खतांचे दोन वाटे केले. अर्धे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले आणि स्वतःचे अर्धे तेवढे नदीत टाकले. आपल्या विरक्तीची किंमत भावाने मोजू नये, एवढं भान त्या क्षणी त्यांना होतं. मला हे बुडवण्याहून कठीण वाटतं. सगळंच सोडून द्यायचा आवेग आलेला असताना, यातलं आपलं किती, हे बसून मोजायचं.

गांधीजींच्या आत्मचरित्रात एक प्रकरण आहे. दक्षिण आफ्रिकेत गीता वाचत असताना अपरिग्रह म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्यांना पडला. बायकोमुलं, घर, पुस्तकांची कपाटं, सगळं सोडायचं का? उत्तर त्यांना मिळालं ते वकिलीच्या अभ्यासातून. स्नेल नावाच्या इंग्रज लेखकाचं इक्विटीच्या कायद्यावरचं पुस्तक त्यांनी विलायतेत वाचलेलं होतं. विश्वस्ताच्या हातात कोट्यवधी असले तरी त्यातली एक पैही तो आपली मानत नाही, हे त्यांना आठवलं आणि गीतेतला शब्द उलगडला. लगोलग त्यांनी मुंबईत उतरवलेली दहा हजारांची विमा पॉलिसी बंद पडू द्यायला कळवलं. मोक्षाच्या वाटेवर कायद्याचं पाठ्यपुस्तक कामाला यावं, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे 1937 साली त्रावणकोरच्या दौऱ्यात ते सांगत होते की सगळी शास्त्रं नष्ट झाली आणि ईशोपनिषदाचा पहिला श्लोक तेवढा उरला तरी हिंदू धर्म टिकेल. सगळं ईश्वराचं आहे, हाव धरू नका, हाच त्या श्लोकाचा गाभा.

पण गांधीजींनी सांगितलं ते श्रीमंतांना: तुमचं आहे ते दुसऱ्याचं समजा. समित्यांवर बसणाऱ्या माझ्यासारख्यांचा आजार उलटा आहे. आमच्या समोरचं मुळातच दुसऱ्याचं असतं, आणि हळूहळू ते आम्हाला आपलं वाटायला लागतं. पैसे खाणारे विश्वस्त असतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्यांच्यासाठी धर्मादाय आयुक्त आहेत. मी बोलते आहे ते सज्जनांबद्दल. ते एक रुपया घेत नाहीत, सभेचा चहाही आळीपाळीने स्वतःच्या खर्चाने आणतात. पण उदारपणाचा मोह त्यांना आवरत नाही. आमच्या एका गाळ्याचा भाडेकरू गरीब होता, त्याला कमी भाड्याने पाच वर्षं देऊन टाकू, असं एकदा असंच ठरत आलं होतं. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, शेतजमिनीला दहा वर्षांची मर्यादा आहे. हे सांगितल्यावर मंडळी नाराज झाली. कायदा आपल्या चांगुलपणावर संशय घेतो, असं त्यांना वाटलं. घेतो खरा. आणि तो चांगुलपणावरच घ्यायला हवा, कारण वाईटपणा निदान ओळखू तरी येतो.

दुसऱ्याच्या पैशाने दया करण्यात एक गोडी आहे. हात वर केला की झालं. आपलं काही जात नाही आणि घरी जाताना मन हलकं असतं. म्हणून दामाजीपंतांचं उदाहरण देणाऱ्यांना मी विचारते, त्यांनी पणाला काय लावलं होतं? मान. आणि पुढे काय झालं? महिपतीच्या गोष्टीत पंतांना आपल्यापायी देवाला शीण झाला याचंच वाईट वाटतं आणि ते बादशहाची चाकरी सोडतात. कोठार उघडून, मालकाची भरपाई झाल्यावरही, त्याच गादीवर पुन्हा किल्ल्या कमरेला लावून ते बसले नाहीत. सभेतल्या आम्हा नऊ जणांपैकी किती जणांचं काय जाणार होतं?

हे सगळं मी पुढच्या सभेत सरांना ऐकवलं. ते शिक्षक आहेत, गप्प बसणारे नव्हेत. म्हणाले, "बरोबर आहे. पण नाही म्हणण्यात तुमचं काय जातं? तेही फुकटच की."

हा घाव बरोबर बसला. नियमात बसत नाही, असं म्हणणाऱ्यालाही एक गोडी असते आणि ती दयेच्या गोडीहून जास्त चिवट. हिशेबाचं सोवळं नेसून बसलं की कुणाचं दुःख अंगाला लागत नाही. मी नोकरीत अशी माणसं पाहिली आहेत. पेन्शनच्या फायलीवर शेरा मारताना त्यांच्या चेहऱ्यावर संध्या करून उठल्यासारखं समाधान असायचं.

शिवाय सरांनी एक जुनी फाईल काढली. संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांनी मुलींना रात्री अभ्यास करता यावा म्हणून कंदिलाच्या तेलासाठी देणगी दिलेली. वीज आल्यावर त्या रकमेचं व्याज कित्येक वर्षं वीजबिलात जमा होतं आहे, आणि त्यावर सही माझीच आहे. "तेव्हा दात्याची इच्छा कुठे गेली होती?" सरांनी विचारलं.

ती कुठेही गेली नव्हती. त्या गृहस्थांना रॉकेल जाळायचं नव्हतं, मुलींना वाचता यावं एवढंच हवं होतं. ते आज असते तर दिव्याचं बटण त्यांनीच दाबलं असतं. गाडगेबाबांनी पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, तेव्हा वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू शिक्षणाच्या कामी गेली. पण ज्यांना गावात कुणी ओसरी देत नव्हतं त्यांच्यासाठी ती बांधली होती आणि त्यांच्याच लेकरांसाठी ती गेली. देणारा गेल्यावर त्याच्या इच्छेचा अर्थ लावावाच लागतो. मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं तर त्याच्या जवळचा हेतू न्यायालयाकडून ठरवून घ्यायची सोय 1950 च्या आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 55 मध्येच आहे. कायदा मेलेल्याचा शब्द दगडावर कोरून ठेवत नाही. मात्र अर्थ लावणं वेगळं आणि त्याच्या शब्दाच्या जागी आपला शब्द ठेवणं वेगळं. फीची गरज संपली असती तर गोष्ट निराळी होती. त्या वर्षी पाच मुलींचे अर्ज पैशाअभावी बाजूला ठेवले होते. त्यांतली एकही सभेत येऊन रडणार नव्हती, कारण आपला अर्ज कुठल्या ठरावाने मागे पडला हे तिला कळणारच नव्हतं. विश्वस्ताने ज्याच्याशी इमान राखायचं तो बहुतेक वेळा खोलीत नसतो. एक मेलेला असतो, दुसरी अजून आलेली नसते. मावशी मात्र दारात उभ्या असतात.

मावशींचं काम शेवटी झालं ते बऱ्याच लटपटीने. सरकारी सवलती घेतलेल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेने 2006 पासून ते ठरलेलं आहे. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, तहसीलच्या खेपा, हे सर आणि मी मिळून केलं. (इथे दया करायला कायदा भाग पाडतो, हे मी सरांना दोनदा ऐकवलं.) उरलेल्यासाठी पगारातून फिटेल एवढी उचल संस्थेने दिली, ते तिच्या अधिकारात होतं. बाकी आम्ही खिशातून काढले. ठरावाला जोरात अनुमोदन देणारे एक जण त्या दिवशी पाकीट घरी विसरले होते. नाव इतिवृत्तात नाही.

त्यानंतर सरांनी आणि मी, या वेळी एकमताने, कर्मचारी साहाय्य निधी वेगळा काढायचा ठराव मांडला. स्वतंत्र खातं, स्वतंत्र पावतीपुस्तक, म्हणजे पुढच्या वेळी कुणाच्या फीला हात लावावा लागणार नाही. ठराव मंजूर झाला आणि मी देणग्या मागायला निघाले.

तिथे मला जे दिसलं त्याने माझा युक्तिवाद पुरा झाला असं मला वाटेनासं झालं आहे. वर्षानुवर्षं आम्हाला देणारी घरं आहेत. सून पाणी आणते, सासरे चेकबुक मागवतात. "मुलींसाठी ना?" असं विचारतात. मी म्हणते, या वेळी स्वयंपाकीण, पहारेकरी, झाडूवाली यांच्यासाठी. मग थोडी शांतता होते. एक जण म्हणाले, त्यांना पगार असतो ना? दुसऱ्यांनी रक्कम लिहिली, पण खाली "विद्यार्थिनींच्या फीसाठी" असं ठळक अक्षरात घातलं. मी ती त्याच निधीत जमा केली, करावीच लागते. गेल्या साठ वर्षांत देणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी दिलं त्यांची यादी आमच्या नोंदवहीत आहे: हुशार मुलगी, पोरकी मुलगी, दहावीत पहिली आलेली मुलगी. त्या सगळ्यांना जेवू घालणारी बाई त्या यादीत एकदाही आलेली नाही. मी इमानाने सांभाळते आहे ती दात्यांची इच्छा, आणि त्यांना जे कधी दिसलंच नाही तेही तिच्याबरोबर सांभाळलं जातं आहे. नव्या निधीत सध्या आमचेच आकडे आहेत. सरांनी सगळ्यांत जास्त दिले, आणि पावती मागून घेतली.